सही न झालेला हुकूम

२८ ऑक्टोबर १९२२ रोजी सकाळी इटलीचे पंतप्रधान लुइजी फाक्ता राजाच्या भेटीला गेले, ते एक कागद घेऊन. मंत्रिमंडळाने पहाटे ठरवलेला लष्करी कायद्याचा हुकूम होता तो. त्याच दुपारपासून तो लागू व्हायचा होता. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना तारा गेल्या होत्या, रोमच्या भिंतींवर जाहीरनामे चिकटवूनही झाले होते. राहिली होती ती फक्त राजाची सही, आणि ती होणारच असं फाक्ता धरून चालले होते. राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांनी सही करायला नकार दिला.

शहराबाहेर काळे शर्ट घातलेले पंचवीस-तीस हजार तरुण पावसात भिजत थांबले होते. कुणाकडे शिकारीची बंदूक होती, कुणाकडे नुसता दंडुका. पोटभर खायलाही नव्हतं. रोममधल्या सैन्याकडे तोफा आणि मशीनगन होत्या, रेल्वेचे मार्ग त्याने ठिकठिकाणी अडवलेही होते. ‘रोमवरचा मोर्चा’ ज्याच्या नावावर जमा आहे तो बेनितो मुसोलिनी त्या दिवशी मिलानमध्ये होता. तिथून स्वित्झर्लंडची सरहद्द जवळ. राजाचं बोलावणं आलं तेव्हाच तो निघाला, रात्रीच्या गाडीने, आरामात झोपून. ३० तारखेला सकाळी रोमला उतरला आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झाला. काळ्या शर्टवाल्यांची मिरवणूक शहरातून निघाली ती त्यानंतर.

मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात या प्रसंगाला एक ओळ मिळते: मुसोलिनीने रोमवर मोर्चा नेऊन सत्ता हस्तगत केली. त्या ओळीत राजा नाही, फाक्ता नाहीत, तो कागदही नाही. मला तो कागद वगळून पुढचं काहीच समजत नाही. त्या सकाळपासून १० जून १९४० पर्यंत, म्हणजे इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली त्या दिवसापर्यंत, साडेसतरा वर्षं जातात. एवढ्या काळात हे सगळं थांबवण्याची वेळ पुन्हा पुन्हा आली. दर वेळी कुणाच्या तरी हातात सहीची लेखणी होती, मत होतं, एखाद्या कालव्याची किल्ली होती. आणि दर वेळी त्या माणसाला दुसऱ्याच कशाची तरी भीती जास्त वाटली.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा इटली विजेत्यांच्या रांगेत होती, पण सुमारे सहा लाख सैनिक गमावून. महागाई, कर्ज, घरी परतलेल्या जवानांची बेकारी. २३ मार्च १९१९ रोजी मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकात मुसोलिनीने आपली फॅसिस्ट संघटना उभी केली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. खुद्द मिलानमध्ये पाच हजारांच्या आत मतं. समाजवाद्यांनी त्याची लुटुपुटीची अंत्ययात्राही काढली. हा माणूस तेव्हाच इतिहासातून गेला असता. त्याला जीवदान दिलं ते पो नदीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांनी. तिथल्या शेतमजुरांनी भक्कम संघटना बांधल्या होत्या; मजुरी किती आणि कामावर कुणाला घ्यायचं हे आता मालक एकटा ठरवू शकत नव्हता. १९२० च्या सप्टेंबरात उत्तरेकडच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. रशियात झालं तेच इथे होणार, या धास्तीने धनिकांची झोप उडाली आणि त्यांनी थैल्या मोकळ्या केल्या.

मग रात्री काळ्या शर्टवाल्यांचे ट्रक यायला लागले. शेतमजूर संघाचं कार्यालय जाळायचं, पुढाऱ्याला बायकामुलांदेखत घरातून ओढून काढायचं, दंडुक्याने झोडपायचं आणि बळजबरीने एरंडेल पाजायचं. बाटलीभर एरंडेल पोटात गेलेल्या माणसाची चौकात जी दशा होते ती गावाने पाहावी, एवढ्यासाठी हे करत. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मारलेल्या माणसासाठी गाव रडतं, एकत्र येतं. अब्रू गेलेला माणूस मात्र दार लावून बसतो आणि शेजारी त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. हे त्या टोळ्यांना पक्कं कळलं होतं. पोलीस बाजूला तोंड करून उभे राहत.

अशा वेळी ज्योव्हान्नी ज्योलित्ती पुढे आले. पाच वेळा पंतप्रधान झालेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मुरब्बी माणूस. मे १९२१ च्या निवडणुकीत त्यांनी आपल्या राष्ट्रीय आघाडीच्या यादीत फॅसिस्टांना जागा दिली. बैल मारका असला तरी वेसण घालून जोताला जुंपता येतो, असा त्यांचा हिशेब होता. समाजवाद्यांची शेती नांगरून झाली की सोडून देऊ. मुसोलिनी पस्तीस जागा घेऊन संसदेत आला आणि निवडून आल्याबरोबर ज्योलित्तींच्या विरोधात बसला.

बर्लिनमध्ये अकरा-बारा वर्षांनी हेच घडलं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाची चौतीस जागांनी घसरण झाली होती, पक्षाची तिजोरी रिकामी होती. तरी माजी चान्सेलर फ्रान्झ फॉन पापेन यांनी वृद्ध अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचं मन वळवलं आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सेलर झाला. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन, बाकी सगळे आपले, म्हणजे काळजी नको. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात असा दाबू की तो चिरकेल, असं पापेन म्हणाले होते. २३ मार्चला, दोन महिन्यांच्याही आत, जर्मन संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले सगळे अधिकार हिटलरच्या हाती दिले. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात किंवा फरार होते. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. त्यांचे नेते ऑटो वेल्स सभागृहात गणवेशातल्या गुंडांच्या कड्यात उभे राहून बोलले: आमचं स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही घेऊ शकाल, आमची अब्रू घेऊ शकणार नाही.

पण इटलीकडे परत जाते, कारण इटलीत हे आधी झालं आणि जगाला ते पाहायला दहा वर्षं मिळाली होती.

मुसोलिनीच्या पहिल्या मंत्रिमंडळातही फॅसिस्ट थोडेच होते. उदारमतवादी होते, कॅथलिक पक्षाचे होते, सेनापती होते. १६ नोव्हेंबर १९२२ ला तो संसदेत म्हणाला की हे करडं, बहिरं सभागृह मला माझ्या पथकांची छावणी करून टाकता आलं असतं. तोंडावर अपमान झाल्यावर त्या सभागृहाने काय केलं? ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्याच्यावर विश्वास व्यक्त केला. पुढच्या वर्षी निवडणुकीचा नवा कायदा आला. ज्या यादीला सर्वांत जास्त मतं, आणि ती किमान पंचवीस टक्के असतील, तिला दोन तृतीयांश जागा. या कायद्याची छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते ज्योलित्ती. कायदा मंजूर झाला. संसदेने स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा आवळला.

३० मे १९२४ रोजी त्या संसदेत समाजवादी खासदार जाकोमो मतेओत्ती उभे राहिले. पो खोऱ्याच्या टोकाला पोलेझिने म्हणून दलदलीचा, गरिबीचा प्रदेश आहे, तिथल्या सधन जमीनदार घरातला हा मुलगा. कायद्याचा पदवीधर. जन्माने जमीनदारांकडचा आणि आयुष्यभर शेतमजुरांच्या बाजूने लढलेला. त्यामुळे स्वतःच्या वर्गाने त्यांना कधी माफ केलं नाही. अंकगणिताने बोलणारा माणूस. अंदाजपत्रकातले आकडे तासन्‌तास तपासणारा. त्या दिवशी एप्रिलच्या निवडणुकीत काय झालं ते त्यांनी प्रकरणावार मांडलं: कुठे उमेदवाराला स्वतःच्या मतदारसंघात पाऊल टाकता आलं नाही, कुठे मतदारांना पसंतीक्रमाचे आकडे ठरवून दिले होते म्हणजे कुणी कसं मत दिलं ते नंतर ओळखता यावं, रेज्यो एमिलियात आन्तोनिओ पिच्चिनीनी हा समाजवादी उमेदवार कसा मारला गेला. समोरून आरडाओरडा, शिव्या, धमक्या. ते थांबत आणि पुन्हा पुढच्या मुद्द्यावर येत. निवडणूक रद्द करा, एवढी त्यांची मागणी होती. ती ५७ विरुद्ध २८५ मतांनी फेटाळली गेली. खाली बसताना ते सहकाऱ्यांना म्हणाले असं सांगतात, की मी माझं भाषण केलं, आता तुम्ही माझ्या श्रद्धांजलीचं तयार करा.

१० जूनला भर दुपारी, घरापासून थोड्याच अंतरावर, टायबर नदीच्या काठच्या रस्त्यावर त्यांना पाच जणांनी एका लान्चिया गाडीत कोंबलं. पुढारी अमेरिगो डुमिनी. गाडी त्या भागात आधी घुटमळताना दिसली होती, आणि चोर असतील अशा शंकेने एका इमारतीच्या रखवालदाराने तिचा नंबर टिपून ठेवला होता. साधा पगारी माणूस. त्याला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं; आपल्या इमारतीची राखण चोख करायची, एवढंच. त्या नंबरामुळे तपास थेट मुसोलिनीच्या कचेरीच्या दारापर्यंत गेला. मंत्र्यांनी, सरसेनापतींनी, न्यायाधीशांनी जे केलं नाही ते त्या रखवालदाराने केलं होतं.

काही वर्षांपूर्वी रोमला गेले तेव्हा मी मुद्दाम त्या जागी गेले. प्लेन जातीची उंच झाडं, बाजूला खोल बांधीव काठांतून वाहणारी नदी, गाड्यांची न थांबणारी वर्दळ. रस्त्याकडेला स्मारक आहे. माझ्याबरोबरच्या लोकांना व्हॅटिकन गाठायचं होतं, म्हणून मी एकटीच होते. मला तिथे राग आला. एवढ्या उजेडात, एवढ्या रहदारीच्या शहरात, देशाच्या एका खासदाराला गाडीत घालून नेतात आणि देशाचा राजा पुराव्याची वाट पाहत बसतो, याचा राग. तो राग शंभर वर्षांनीही जागेवर मिळतो, हे मला माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मुसोलिनी खरोखरच पडायला आला होता. लोकांनी कोटावरचे फॅसिस्ट बिल्ले काढून टाकले, त्याच्या कचेरीबाहेरची रीघ आटली. १६ ऑगस्टला रोमबाहेर रियानोजवळच्या रानात मतेओत्तींचा देह सापडला. विरोधी पक्षांनी संसदेवर बहिष्कार टाकला आणि नैतिक बळाने राजाला कृती करायला भाग पाडू म्हणून ते बाहेर बसले. राजाने काही केलं नाही. मला या बहिष्काराबद्दल आदर वाटतो आणि तितकीच हळहळही वाटते. त्यांनी रिकामी केलेली बाकं पुढे कधीच त्यांना परत मिळाली नाहीत. बेनेदेत्तो क्रोचे यांच्यासारख्या थोर तत्त्वज्ञानेही खुनानंतर पंधरवड्यात सिनेटमध्ये सरकारच्या बाजूने मत दिलं. पुढच्या वर्षी तेच क्रोचे फॅसिझमविरोधी विचारवंतांचं निवेदन लिहिणार होते. पण ज्या पंधरवड्यात त्यांच्या मताला वजन होतं तो निघून गेला होता. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनी संसदेत उभा राहिला आणि म्हणाला, जे काही घडलं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी मी एकटा घेतो. मला आरोपी करा, असं आव्हानच होतं ते. कुणी उठलं नाही.

पुढचं भराभर झालं. वर्तमानपत्रं, पक्ष, कामगार संघटना बंद. ८ नोव्हेंबर १९२६ ला खासदार आन्तोनिओ ग्रामशी यांना अटक. १९३१ मध्ये विद्यापीठाच्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला आणि नोकऱ्या गमावल्या. त्याच वर्षी बोलोन्यात फॅसिस्ट गीत वाजवायला नकार दिला म्हणून आर्तुरो तोस्कानिनी या जगप्रसिद्ध संगीतकाराला नाट्यगृहाच्या दारात मारहाण झाली.

बाहेरच्या जगाला हे दिसत होतं का? दिसत होतं, आणि पुष्कळांना आवडतही होतं. विन्स्टन चर्चिल १९२७ च्या जानेवारीत रोममध्ये म्हणाले की मी इटालियन असतो तर लेनिनवादाविरुद्धच्या तुमच्या लढ्यात अथपासून इतिपर्यंत तुमच्यासोबत असतो. रवींद्रनाथ ठाकूर १९२६ मध्ये सरकारी पाहुणचार घेऊन गेले, भारावले. मग फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी आणि देशोधडीला लागलेल्या इटालियनांनी त्यांना आतली हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून फॅसिझमचा निषेध केला. नागपूरचे, हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना १९ मार्च १९३१ रोजी मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या सैनिकी संघटना पाहून प्रभावित झाले, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं. पारतंत्र्यात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या देशाची कवायत, शिस्त, ताठ मान यांचं आकर्षण का वाटलं हे मला समजतं. पण त्या कवायतीच्या मैदानापासून मतेओत्तींचं रान फार दूर नव्हतं, आणि तेवढं चालत जायला हवं होतं असं मला वाटतं. जवाहरलाल नेहरू मार्च १९३६ मध्ये, पत्नीच्या निधनानंतर काही दिवसांतच, रोमवरून विमानाने येत होते. मुसोलिनीची भेटीची निमंत्रणं आली, विमानतळावर अधिकाऱ्यांनी तासभर मनधरणी केली. ते गेले नाहीत. कारण त्या वेळी इटालियन विमानं ॲबिसिनियावर विषारी वायू टाकत होती.

ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, हा राष्ट्रसंघाचा, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या लीग ऑफ नेशन्सचा, सदस्य देश होता. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी युद्ध न पुकारताच इटालियन फौजा त्यात घुसल्या. चार दिवसांत राष्ट्रसंघाच्या परिषदेने इटलीला आक्रमक ठरवलं. नोव्हेंबरपासून पन्नासच्या आसपास देशांनी निर्बंध लावले. त्या निर्बंधांच्या यादीत तेल नव्हतं. कोळसा नव्हता, पोलाद नव्हतं. इटलीकडे स्वतःचं तेल जवळजवळ नव्हतंच. तिचे रणगाडे, ट्रक, विमानं सगळी विकतच्या तेलावर चालत. तेल बंद झालं असतं तर मला आठवडाभरात ॲबिसिनियातून माघार घ्यावी लागली असती, असं खुद्द मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितल्याचं दुभाषा पॉल श्मिट यांनी नोंदवलं आहे. इटलीची सैन्याने भरलेली जहाजं सुएझ कालव्यातून जात होती. कालव्याची किल्ली ब्रिटन आणि फ्रान्सच्या हातात. कालवा उघडा राहिला आणि जहाजामागे जकात घेतली जात राहिली.

का? कारण लंडन-पॅरिसच्या मते खरा धोका हिटलर होता, आणि हिटलरविरुद्ध मुसोलिनी हवा होता. यात निव्वळ मूर्खपणा नव्हता. जुलै १९३४ मध्ये ऑस्ट्रियात नाझींनी चान्सेलर डॉलफुस यांचा खून केला तेव्हा मुसोलिनीनेच ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरच्या ब्रेनर खिंडीत फौज पाठवून हिटलरला धाक घातला होता. त्याला दुखवू नये म्हणून डिसेंबर १९३५ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे लाव्हाल यांनी ॲबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देण्याची गुप्त योजना आखली. ती वर्तमानपत्रांतून फुटली, लोक खवळले, होर यांना जावं लागलं. त्याच आठवड्यात, १८ डिसेंबरला, इटलीभर स्त्रियांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या देशाला अर्पण केल्या. रोममध्ये पहिली अंगठी राणी एलेनाची. बदल्यात लोखंडी अंगठी मिळे. नाटककार पिरांदेल्लोंनी नोबेल पदक दिलं, क्रोचे यांनी सिनेटरचं पदक दिलं. काही बायकांनी खऱ्या उमाळ्याने दिलं, काहींनी शेजारपाजार काय म्हणेल या धाकाने. बोटात सोनं दिसलं तर लोक विचारणार होतेच. अर्धवट निर्बंधांनी इटलीचं एवढं नुकसान मात्र केलं: तेल अडलं नाही, आणि सगळं जग आपल्याविरुद्ध उठलंय या भावनेने घर न् घर राजवटीला चिकटलं.

तिकडे पठारावर विमानं मस्टर्ड वायू फवारत होती. हा वायू न वापरण्याच्या करारावर इटलीनेच सही केलेली. सैनिक अनवाणी असत, पायाचं कातडं सोलून निघे. नदीचं पाणी पिणारी गुरं आणि माणसं मरत. ३० डिसेंबरला स्वीडिश रेड क्रॉसच्या फिरत्या रुग्णालयावर बॉम्ब पडले. ५ मे १९३६ ला राजधानी अदिस अबाबा पडली. ३० जूनला निर्वासित सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभे राहिले, तर सज्जातून इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. ‘या रानट्यांना बाहेर काढा,’ असं रुमानियाचे परराष्ट्रमंत्री तितुलेस्कू ओरडले. सम्राटांनी शांतपणे, आपल्या अम्हारिक भाषेत, विमानं पावसासारखा वायू कशी फवारत होती ते सांगितलं आणि जमलेल्या सरकारांना विचारलं, मी माझ्या लोकांना काय उत्तर घेऊन जाऊ? काही दिवसांनी राष्ट्रसंघाने इटलीवरचे निर्बंध उठवले.

हिटलर हे सगळं बघत होता. ॲबिसिनियाकडे सगळ्यांच्या नजरा असताना, ७ मार्च १९३६ ला, त्याने फ्रान्सच्या सरहद्दीलगतच्या ऱ्हाईनलँडमध्ये, जिथे सैन्य ठेवायला कराराने बंदी होती तिथे, सैन्य घुसवलं. फ्रान्सने बोट उचललं नाही. ज्याला हाताशी धरायचं म्हणून ॲबिसिनियाचा बळी दिला तो मुसोलिनी तोवर हिटलरच्या बाजूला सरकला होता. जुलैत स्पेनमध्ये सेनापती फ्रँकोचं सरकारविरुद्ध बंड झालं आणि दोघांनी मिळून त्याला विमानं, तोफा आणि माणसं पुरवली. त्या युद्धात नागपूरचाच आणखी एक माणूस सापडतो. गोपाळ मुकुंद हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ नावाने इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये भरती होऊन फॅसिस्टांविरुद्ध लढायला स्पेनमध्ये. १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने त्यांना पकडलं, सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत कैदेत ठेवलं, आणि सुटल्यावर ते भारतात परतले. एकाच शहरातून, एकाच वर्तुळातून निघालेल्या दोन माणसांपैकी एक रोमला जाऊन कवायत पाहतो आणि दुसरा त्याच कवायतीतून तयार झालेल्या फौजांसमोर खंदकात उतरतो. परिस्थितीने माणसं घडतात असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना मी हुद्दारांची गोष्ट सांगते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. या वेळी ब्रेनर खिंडीत कुणी नव्हतं. म्युनिक, चेकोस्लोव्हाकिया, अल्बानिया, आणि १ सप्टेंबर १९३९ ला पोलंड. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने रोममधल्या सज्जातून युद्धाची घोषणा केली. मतेओत्तींना उचललं त्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षं झाली होती. त्या गर्दीत कुणाला ते आठवलं असेल का, असं मला वाटत राहतं.

मग हिंदी पलटणींची पाळी आली. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजांशी घनघोर लढाई झाली, त्यात मराठा पलटणी होत्या. ५ मे १९४१ ला, राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, हैले सेलासी अदिस अबाबात परतले. सहा वर्षांपूर्वी जे काम तेलाचा नळ बंद करून झालं असतं, ते आता कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी रक्त सांडून केलं. ती पोरं स्वतः गुलाम देशाची होती आणि त्यांना या युद्धात ओढताना कुणी विचारलं नव्हतं.

२५ जुलै १९४३ रोजी राजाने मुसोलिनीला बोलावून घेतलं, तुम्ही आता पंतप्रधान नाही असं सांगितलं आणि बाहेर पडताच अटक करवली. हाच तो राजा. हे करायला त्याला पुरते वीस मिनिटंही लागली नसतील. जे जमणार नाही म्हणून १९२२ मध्ये आणि १९२४ मध्ये टाळलं, ते जमत होतं. पण आता सिसिलीत दोस्त फौजा उतरल्या होत्या, आणि सप्टेंबरात जर्मनांनी इटली व्यापली तेव्हा राजा रोम सोडून दक्षिणेला पळाला.

मुंबई-गोवा रस्त्यावर माणगाव लागतं. तिथल्या तहसील कचेरीपाशी यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तालुक्यातल्या पळसगावचे. नाईक, पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीप्रमुख घाडगे स्वतः सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं, आणि मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडत नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. टायबर तीच. तिच्याच खालच्या काठावर, रोममध्ये, वीस वर्षांपूर्वी ती गाडी उभी होती. इटलीत पाच हजारांहून अधिक हिंदी जवान मेले. या रस्त्याने जाताना मी पुतळ्यापाशी उतरते. बरोबर कुणी लहान असेल तर त्याला शौर्याची गोष्ट सांगतेच, पण फाक्तांच्या कागदाची आणि तेल नसलेल्या यादीचीही सांगते. ती ऐकल्याखेरीज बावीस वर्षांचा माणगावचा मुलगा तिथे का होता हे कळत नाही.

२ जून १९४६ रोजी इटलीत राजेशाही की प्रजासत्ताक यावर मतदान झालं. देशव्यापी मतदानात स्त्रियांनी पहिल्यांदाच भाग घेतला. त्यांत लोखंडी अंगठ्यांच्या मालकिणीही होत्या. प्रजासत्ताकाला सुमारे एक कोटी सत्तावीस लाख मतं मिळाली. नव्या संविधानाने युद्धाचा निर्णय संसदेकडे दिला आणि राजघराण्यातल्या पुरुषांना देशात पाऊल टाकायला बंदी केली. मला मात्र दुसरा आकडा सोडत नाही. राजेशाहीच्या बाजूने एक कोटी सात लाख मतं पडली. इतकं सगळं होऊन गेल्यावर. इटलीत सगळ्यात जास्त बॉम्बहल्ले ज्या शहरांनी झेलले त्यांत नेपल्स आहे. १९४३ च्या सप्टेंबरात तिथल्या लोकांनी, पोरासोरांनी, चार दिवस रस्त्यावर लढून जर्मनांना हुसकावलं होतं. त्या नेपल्समध्ये दर पाचांतल्या जवळजवळ चौघांनी राजघराण्याला मत दिलं. हे त्यांनी का केलं असेल, याचं पटेल असं उत्तर मी अजून शोधते आहे.